अमिकलोला धबधबा राज्य उद्यान

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील डोंगरी उद्यान. अटलांटाच्या उत्तरेला, गाडीने दीड-दोन तासांवर, डॉसन काउंटीत ते आहे. ॲपलाचियन पर्वतरांग दक्षिणेकडे जिथे संपत येते तिथे हा धबधबा कोसळतो. धबधबा, तंबूचा मुक्काम आणि लांब पल्ल्याच्या पायवाटेचे तोंड, असे तिन्ही इथे एकाच डोंगरावर आहे. १९४० पासून याला राज्य उद्यानाचा दर्जा आहे. राष्ट्रीय उद्याने केंद्र सरकारची असतात, राज्य उद्याने त्या त्या राज्याची. आकाराने ती बहुधा लहान असतात आणि शनिवार-रविवारी तंबू घेऊन येणाऱ्या कुटुंबांना जास्त जवळची वाटतात. अमिकलोलाचे क्षेत्र ८२९ एकर, पण त्याला लागूनच चॅटहूची राष्ट्रीय वन पसरलेले असल्याने जंगल कुठे संपते ते चालणाऱ्याला कळतही नाही.

नाव चेरोकी या इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतले. ‘अमा’ म्हणजे पाणी, आणि पूर्ण नावाचा अर्थ ‘गडगडत येणारे पाणी’ असा सांगतात. शेजारच्या डहलोनेगा भागात १८२८-२९ च्या सुमारास सोने सापडले आणि गोऱ्या वसाहतकारांची झुंबड उडाली. १८३२ मध्ये राज्याने चेरोकींच्या जमिनी सोडत काढून वाटल्या आणि १८३८ मध्ये केंद्र सरकारने सैन्य लावून त्या लोकांना मिसिसिपी नदीपलीकडे हाकलले. वाटेत हजारो माणसे मेली. ‘अश्रूंची वाट’ म्हणतात ती हीच. ज्यांनी पाण्याला नाव दिले ते गेले, नाव तेवढे राहिले. इथे मुक्कामाला येणाऱ्याने एवढे तरी जाणून यावे.

धबधब्याची उंची ७२९ फूट, म्हणजे सुमारे २२२ मीटर. जॉर्जियात याहून उंच धबधबा नाही. मात्र हे पाणी एका कड्यावरून सरळ खाली पडत नाही. कातळाच्या टप्प्यांवर आपटत, फुटत, पुन्हा एकवटत उतरते, त्यामुळे पायथ्याशी उभे राहून तो सगळा एका नजरेत मावत नाही. सह्याद्रीतले बहुतेक धबधबे दिवाळीनंतर बारीक होतात आणि उन्हाळ्यात नुसता काळा कडा उरतो. इथे पाऊस वर्षभर विखरून पडतो, म्हणून धार सहसा तुटत नाही. हिवाळ्याच्या शेवटी आणि वसंतात ती भरलेली असते. शिवाय तेव्हा झाडांना पाने नसल्याने दुरूनही दिसते. गर्दी मात्र ऑक्टोबरअखेरीस, पाने लाल-पिवळी होतात तेव्हा होते.

पायथ्यापासून माथ्यापर्यंत ६०४ पायऱ्या आहेत. मध्यावर धबधब्यासमोरून जाणारा पूल आहे. पाणी जोरात असेल तर तिथे तुषार तोंडावर येतात आणि शेजारच्याशी बोलायला आवाज चढवावा लागतो. ज्यांना पायऱ्या झेपत नाहीत त्यांच्यासाठी या पुलापर्यंत दुसऱ्या बाजूने एक सपाट, आखूड वाट आहे. ती जुन्या टायरच्या रबराने मढवलेली असून चाकाची खुर्ची तिच्यावरून नीट जाते. माथ्यापर्यंत गाडीरस्ताही आहे, त्याची चढण २५ टक्क्यांपर्यंत जाते. तरी पाय धड असतील तर पायऱ्यांनीच चढावे. हा धबधबा टप्प्याटप्प्यानेच कळतो.

तंबूच्या जागा वरच्या अंगाला, जेमतेम दोन डझन. प्रत्येक जागेला लाकडी मेज, शेकोटीसाठी लोखंडी कडे, पाण्याचा नळ आणि विजेची जोडणी असते. आरक्षण आधी करावे लागते आणि शरदातले शनिवार-रविवार फार लवकर भरतात. ज्यांना तंबू नको त्यांच्यासाठी लाकडी घरे आणि लॉज आहे. रात्री दहानंतर आवाज बंद.

खरी शिस्त पाळायची ती अन्नाची. या डोंगरांत काळी अस्वले आहेत आणि त्यांचे नाक विलक्षण तीक्ष्ण असते. टूथपेस्ट, साबण, तेलकट कागद, रिकामा डबा यांतले काहीही तंबूत ठेवायचे नाही, सगळे गाडीत बंद करायचे. माणसाच्या अन्नाची चटक लागलेले अस्वल वस्तीकडे येऊ लागते आणि शेवटी बहुधा जिवानिशी जाते. आपल्या आळसाची किंमत ते मोजते. सरपणही लांबून आणू नये, लाकडातल्या किडी त्याबरोबर नव्या जंगलात पोचतात. हेमलॉकची झाडे आधीच आशियातून आलेल्या एका सूक्ष्म, कापसासारखा थर धरणाऱ्या किडीने सुकवली आहेत.

अभ्यागत केंद्रामागच्या दगडी कमानीतून निळ्या खुणांची वाट निघते आणि ८.५ मैल चालून स्प्रिंगर डोंगरावर (३,७८० फूट) पोचते. तिथून मेन राज्यातल्या कटाडिन डोंगरापर्यंत जाणारी ॲपलाचियन ट्रेल ही लांब पल्ल्याची पायवाट सुरू होते. तिची लांबी सुमारे २,१९० मैल, म्हणजे साडेतीन हजार किलोमीटर. ट्रेलचे हे टोक पूर्वी ओगलथॉर्प डोंगरावर होते, १९५८ मध्ये ते स्प्रिंगरवर आणले. मार्च-एप्रिलमध्ये पूर्ण ट्रेल चालायला निघालेले लोक इथे पाठपिशवी काट्यावर टांगून वजन बघतात आणि नोंदणी करून कमानीखाली फोटो काढतात.

हे साडेआठ मैल ट्रेलच्या लांबीत धरले जात नाहीत. स्प्रिंगरच्या माथ्यापासून मैलभरावर कच्च्या जंगलरस्त्याने गाडी पोचते, त्यामुळे बरेच जण ही चढण टाळतात. जे चालतात त्यांचा पहिला दिवस या ६०४ पायऱ्यांनी सुरू होतो. उद्यानातूनच दुसरी पाच मैलांची वाट लेन फूट हाइक इनकडे जाते. या लाकडी निवासात पाहुण्यांना पायीच यावे लागते. इथे फोन, टीव्ही वापरत नाहीत. ढगाळ नसेल तर पहाटे हलका ढोल वाजवून सूर्योदयासाठी उठवतात.

स्प्रिंगरच्या माथ्यावर कातळात बसवलेली कांस्यपट्टी आहे. जवळच नोंदवही ठेवलेली असते आणि दगडावर ट्रेलची पहिली पांढरी खूण रंगवलेली आहे.