नकाशा काढून घेण्याआधी, आमच्याविषयी थोडं

घर बांधायला निघालेली माणसं आमच्याकडे नकाशा आणि खर्चाचा अंदाज मागायला येतात. ते दोन्ही देऊच. पण ज्याच्याशी पुढे बरेच महिने गाठ आहे, तो आर्किटेक्ट कसा घडला आणि यश कशाला म्हणतो, हे आधी कळलेलं बरं.

शिक्षण सगळ्यांचं सारखंच. पाच वर्षांची पदवी, मग वास्तुकला परिषदेकडे नोंदणी. १९७२ च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय कुणाला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही, तेव्हा नोंदणी क्रमांक निःसंकोच विचारा. खरं काम मी शिकलो ते पेठांतल्या वाड्यांच्या दुरुस्तीवर. तुळईचं टोक भिंतीत कुठे कुजतं, चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कशी कोंडते, हे गवंड्या-सुतारांनी दाखवलं.

ती ओढ अजून आहे. सुट्टीच्या सकाळी विश्रामबागवाड्यासमोर स्केच करत बसतो, नाहीतर कार्ल्याला जातो. तिथल्या चैत्यगृहाच्या छताच्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षं टिकल्या आहेत. वर डोंगराचा खडक, पावसाचा मार थेट बसतच नाही. म्हणून आमचे छज्जे रुंद असतात, आणि पश्चिमेला मोठी काच मागितलीत तर आम्ही आधी वाद घालतो. पुण्यात पावसाची झड तिकडूनच येते, मे महिन्यातलं दुपारचं ऊनही.

वास्तुकलेतला जगातला सर्वांत मानाचा समजला जाणारा प्रित्झकर पुरस्कार मिळवणारे पहिले भारतीय, बाळकृष्ण दोशी, १९२७ साली पुण्यातच जन्मले. पुरस्कार मिळाला २०१८ मध्ये, नव्वदीत. त्यांची इंदूरची अरण्य वसाहत मला फार जवळची. गरीब कुटुंबांना जोतं, नळ, संडास आणि फार तर एखादी खोली; पुढचं घर त्यांनी ऐपतीप्रमाणे वाढवायचं. बंगला करतानाही आम्ही हे धरून चालतो. उद्या मुलगा-सून मजला चढवतील, तर पाया त्या वजनाचा हवा आणि जिना बाहेरून जाणारा.

मासिकांतले फोटो घर रिकामं असताना काढलेले असतात. मला ते भरल्यावर पाहायचं असतं. पहिला पावसाळा सरला की आम्ही फी न घेता येतो, गच्चीचा उतार आणि खिडक्यांखालची ओल तपासतो. आजींना रात्री कुणाचा हात न धरता बाथरूमपर्यंत जाता येत असेल, तर ते काम मी यशस्वी मानतो.

पहिल्या भेटीला प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा आणि मोजणीचा नकाशा आणा. स्वयंपाकघरात ज्यांचा दिवस जातो त्यांनाही घेऊन या. ओट्याची उंची त्यांच्या मापाने ठरेल.