मोबाईलवरचा एक्यूआय आणि आपल्या मागच्या गल्लीतली धूळ

डिसेंबरात आमच्या चेंबूरला सकाळी ग्रिलवरून बोट फिरवलं की बोट काळं, आणि मोबाईलवर एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब ते सांगणारा आकडा, बघावा तर हवा म्हणे 'समाधानकारक'. मग माणूस चिडतोच, की आकडे दाबतात हे लोक. पण आधी तो आकडा बनतो कसा ते बघा, अर्धं भांडण तिथेच मिटतं.

बोटाला लागते ती बहुतेक जाड धूळ, ती नाका-घशात अडकते. खरी डेंजर पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण, केसाच्या जाडीपेक्षा पंचवीसेक पट बारीक, सुटा कण डोळ्याला दिसत नाही आणि थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतो. त्यामुळे ग्रिल काळं असून पीएम २.५ कमी, किंवा ग्रिल चकाचक असून जास्त, दोन्ही होऊ शकतं.

आता एक्यूआय. आपल्याकडचा हा इंडेक्स २०१५ मध्ये सुरू झाला, त्यात आठ प्रदूषक धरलेत, पण त्यांची सरासरी काढत नाहीत, ज्याचा आकडा सगळ्यात वाईट तोच फायनल. धुळीसाठी मात्र २४ तासांची सरासरी घेतात आणि गोची इथेच आहे. समजा मागच्या प्लॉटवर रात्री दोन तास डेब्रिजचे डंपर भरले, पीएम २.५ गेलं दर घनमीटर हवेत ३०० मायक्रोग्रॅमवर, बाकीचे २२ तास ५०. सरासरी आली ७१, म्हणजे 'मध्यम', तुम्ही दोन तास खोकत बसलात ते त्यात कुठेच नाही. आणि हवा मोजणारं सरकारी स्टेशन लांब असेल तर ती धूळ तिथवर पोचलेलीच नसते.

दुसरी गंमत म्हणजे काही ॲप आपली पट्टी वापरतात, काही अमेरिकेची. पीएम २.५ जर ६० असेल तर आपल्या पट्टीवर एक्यूआय १०० आणि 'समाधानकारक', त्यांच्या पट्टीवर तीच हवा १५० च्या वर आणि 'अनहेल्दी'. सोसायटीच्या ग्रुपवर स्क्रीनशॉटची मारामारी चालते ती यामुळेच. म्हणून मी सरळ मायक्रोग्रॅम बघतो. आपली २४ तासांची मर्यादा ६०, डब्ल्यूएचओची २०२१ पासून १५. बाकी तुम्ही ठरवा.

मी वैतागून घरीच एक सेन्सर लावला. यात छोटा पंखा हवा ओढतो, लेझरचा उजेड कणांवर पडून विखुरतो आणि त्यावरून कण किती ते यंत्र अंदाजाने सांगतं. अंदाजानेच, कारण मुंबईच्या दमट हवेत कण पाणी पिऊन फुगतात आणि आकडा उगाच चढतो. सरकारी स्टेशनात बहुतेक ठिकाणी धूळ फिल्टरच्या पट्टीवर जमवून तिच्यातून बीटा किरण किती आरपार जातात ते मोजतात, आणि हवा आधी तापवून कोरडी करतात, म्हणून ते यंत्र महाग पण भरवशाचं. पहिल्या आठवड्यात माझा आकडा रोज संध्याकाळी आठला उडी मारायचा, मी जवळच्या रिफायनरीला शिव्या घालत होतो, निघाली शेजारच्या काकूंची फोडणी. जागा बदलली, रस्त्याच्या बाजूला पण चुलीपासून लांब. तेव्हापासून 'किती' साठी स्टेशन आणि 'केव्हा' साठी माझा डबा, अशी वाटणी आहे.

आणि तक्रारीला हे 'केव्हा'च कामाला येतं. माझी पहिली तक्रार होती 'आमच्याकडे हवा फार खराब आहे', तिचं काही झालं नाही, होणार तरी काय, कोणी जायचं कुठे? २०२३ च्या ऑक्टोबरात महापालिकेने बांधकामांसाठी नियम काढले: साइटभोवती पत्र्याचं उंच कुंपण, पाण्याचे फवारे, डेब्रिजच्या गाड्या झाकलेल्या, बाहेर पडताना चाकं धुतलेली. तर तक्रार या भाषेत करायची. महापालिकेच्या १९१६ या नंबरवर फोन लावून वॉर्ड, रस्ता, साइटच्या गेटची खूण, रात्री साडेअकरा ते दीड, गाडीवर ताडपत्री नाही, एवढं सांगायचं, वेळ दिसेल असा फोटो ठेवायचा आणि तक्रार नंबर लिहून घ्यायचा. कारखान्याच्या धुराचं असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळ, तिथे वाऱ्याची दिशाही लिहा, कारण दिवसा वारा समुद्रावरून येतो, रात्री बरेचदा जमिनीकडून, आणि वास कुठून येतोय ते त्यावरून कळतं.

तक्रार पाठवायच्या आधी जवळच्या स्टेशनचा आकडाही बघून घ्यायचा. मागच्या महिन्यात माझा डबा सलग तीन दिवस ४०० दाखवत होता, मी तावातावाने सगळं लिहून तयार, स्टेशनवर बघतो तर ७०. डबा उघडला. लेझरच्या बरोबर समोर एका कोळ्याने संसार थाटला होता.