किराणावाल्याला मॉलचा भाव मिळतच नाही?

"कोपऱ्यावरचा किराणावाला महागच असणार, मॉलएवढी खरेदी त्याला जमणार कुठून?" हा मेसेज वर्षानुवर्षे फिरतोय. एकट्या दुकानापुरतं ते पटण्यासारखं आहे. पण दुकानदार मिळूनही माल उचलतात. समजा, 10 पेट्यांवर 1 मोफत अशी स्कीम आहे. दोनच पेट्या खपवणाऱ्याला तिचा काय उपयोग? पाच जणांनी एकत्र ऑर्डर दिली की 10च्या पैशात 11 पेट्या येतात, म्हणजे पेटीमागे सुमारे 9 टक्के वाचतात. टेम्पोभाडंही वाटलं जातं. (उधारीचा हिशेब मात्र चोख हवा, खटके तिथेच उडतात.) मिळून विक्रीचा भाव ठरवणं ही वेगळी गोष्ट, ती स्पर्धा कायदा, 2002च्या विरोधात जाते.

पडताळायचं तर एकाच ब्रँडचं, एकाच वजनाचं पाकीट दोन्हीकडे घ्या आणि छापील किंमत नव्हे, बिलातला दर ताडून पाहा. डाळ-तांदूळ सुटे असतील तर आधी प्रत बघा.