पोकलेन गरम झालं की मंदावतं: दोष करंटचा की तेलाचा?

सकाळी मशीन झकास चालतं. दोन-तीन तासांनी बूम (मशीनचा मुख्य हात) जड होतो, बकेट भरताना दम लागल्यासारखा आवाज येतो आणि ऑपरेटर सांगतो, "गरम झालं की लोड घेत नाही." या एका तक्रारीमागे दोन वेगळे दोष असू शकतात. एक वायरिंगमधला, दुसरा हायड्रॉलिक तेलाच्या बाजूचा, म्हणजे ज्या तेलाच्या दाबावर मशीन हलतं त्याचा. बाहेरून दोन्हींची लक्षणं इतकी सारखी दिसतात, की पंप खोलून झाल्यावर कनेक्टर बघण्याची वेळ येते.

दोन्ही बाजू जिथे भेटतात ती जागा म्हणजे प्रपोर्शनल सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे करंटच्या प्रमाणात तेलाचं प्रेशर सोडणारा व्हॉल्व्ह. कंट्रोलर त्याच्या कॉइलला करंट देतो, साधारण शून्यापासून ७०० मिलीअँपिअरपर्यंत. काही मशीनवर हा आकडा एक अँपिअरपर्यंत जातो. त्या करंटच्या जोरावर आतला स्पूल (तेलाची वाट उघड-बंद करणारा दांडा) सरकतो आणि ३५-४० बारच्या पायलट प्रेशरमधून, म्हणजे फक्त इशारे देणाऱ्या कमी दाबाच्या तेलातून, हवं तेवढंच प्रेशर पुढे सोडतो. हे छोटं प्रेशर पंपाच्या रेग्युलेटरला सांगतं, किती तेल दे. म्हणजे ३०० बारच्या वर काम करणारा अख्खा पंप शेवटी अर्ध्या-पाऊण अँपिअरच्या इशाऱ्यावर हलतो. तो इशाराच कमी पडला, तर धडधाकट पंपही आजारी वाटतो.

म्हणून मी आधी एकच प्रश्न विचारतो: प्रेशर करंटचं ऐकतंय का?

दोष वायरिंगचा असेल तर ते ऐकतं. करंट ४०० असेल तर प्रेशर ४००च्या हिशेबाने येतं, ५०० झाला तर तेवढं बदलतं. व्हॉल्व्ह आपलं काम इमानदारीने करतोय, त्याला मिळणारा हुकूमच चुकीचा आहे. स्पूल अडकला असेल तर उलट घडतं. करंट बरोबर, पण प्रेशर जागचं हलत नाही, किंवा झटका मारून हलतं. करंट शून्यावर आणला तरी थोडं प्रेशर मागे राहून जातं. कचरा किंवा जुन्या तेलाचा चिकट थर बसलेल्या स्पूलची ही खूण मला एरर कोडपेक्षा भरवशाची वाटते. कारण अशा वेळी कोड बहुतेक येतच नाही. कंट्रोलरला फक्त कॉइलचा करंट दिसतो, स्पूल सरकला की नाही ते दिसत नाही.

कोडचा विषय निघालाच आहे तर तो इथेच संपवू. 'J1939' या अवजड मशीनमधल्या कोड-पद्धतीत एफएमआय हा आकडा दोषाचा प्रकार सांगतो: एफएमआय ५ म्हणजे करंट कमी किंवा सर्किट ओपन, एफएमआय ६ म्हणजे करंट जास्त किंवा वायर अर्थ झालेली. हे दोन आले तर सरळ वायरिंगकडे जावं. एकदम चार-पाच प्रेशर सेन्सरचे कोड आले तर सगळे सेन्सर एकदम गेलेले नसतात. त्यांना ५ व्होल्टचा पुरवठा बहुधा एकाच लाइनवरून जातो आणि एक सेन्सर किंवा एक वायर शॉर्ट झाली की ती सगळ्यांना खाली ओढते. एकेक कनेक्टर काढत जायचं. ज्यावर ५ व्होल्ट परत येतात, दोष तिथे.

आता गरम होण्याकडे वळू, कारण खरी फसवणूक इथे होते.

तेल तापलं की पातळ होतं, आणि झिजलेल्या पंपात, व्हॉल्व्हमध्ये आतल्या आत गळू लागतं. जोर हळूहळू कमी होतो, तापमान वाढेल तसा. कॉइल जळायला आली असेल तर तापल्यावर तिची तार आत सुटते आणि मशीन एका क्षणात बदलतं; थंड झालं की पुन्हा ठीक. म्हणून जुने मेकॅनिक सांगतात, हळूहळू बिघडलं तर तेल बघ, झटक्यात बिघडलं तर वायर बघ. सल्ला चांगला आहे, पण एका ठिकाणी तो हमखास फसवतो, आणि ती जागा म्हणजे गंजलेली पिन.

हिशेब मांडून बघा. थंड कॉइलचा रोध समजा २० ओहम. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो, म्हणजे २० अंशांवरची कॉइल १०० अंशांवर गेली की साधारण २६ ओहम होते. कनेक्टरमध्ये पाणी शिरून पिन हिरवी पडली आहे आणि तिथे आणखी १५ ओहम वाढलेत. ७०० मिलीअँपिअरसाठी सकाळी लागतात ३५ गुणिले ०.७, म्हणजे साडेचोवीस व्होल्ट. अल्टरनेटर २८ देतोय, त्यामुळे कंट्रोलर निभावून नेतो. दुपारी एकूण रोध होतो ४१ ओहम आणि गरज जाते जवळपास २९ व्होल्टवर. तेवढे व्होल्ट मशीनमध्ये नाहीतच. करंट थोडा थोडा घसरतो, जोर थोडा थोडा कमी होतो, अगदी झिजलेल्या पंपासारखा. दोष मात्र नखाएवढ्या पिनेत.

असंच एक मशीन माझ्या हातून गेलंय. व्हॉल्व्हनंतरचं प्रेशर कमी दिसलं म्हणून मी व्हॉल्व्ह बदलला. नवा व्हॉल्व्ह, तीच तक्रार. मग मीटर सिरीजमध्ये लावला, तेव्हा पूर्ण लोडवर ७००च्या जागी ५८०च्या आसपास करंट. गेज खरंच बोलत होता, मी अर्धंच ऐकलं होतं. तेव्हापासून टी-अडॅप्टरवर (वायर न कापता मध्ये जोडायचा कनेक्टर) मीटर आणि पायलट लाइनला प्रेशर गेज, दोन्ही एकाच वेळी लावल्याशिवाय मी पाना उचलत नाही.

दोन्ही आकडे समोर असले की वाट सुटते. करंट कमी, तर वायरिंग, कनेक्टर, कॉइल किंवा कंट्रोलर. करंट बरोबर पण पुढचं प्रेशर कमी, तर आधी व्हॉल्व्हच्या मागचं पायलट प्रेशर बघायचं. तेच कमी असेल तर पायलट पंप किंवा त्याचा रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचं प्रेशर सोडून देणारा), आणि मग एकटा बूम नाही, सगळ्याच हालचाली ढिल्या पडतात. मागचं ठीक असेल तर स्पूल किंवा त्याची बारीक जाळी. करंट बरोबर, प्रेशरही बरोबर आणि तरी मशीन मंद असेल, तरच रेग्युलेटर आणि पंपाकडे हात न्यायचा.

वायर तपासताना ओहम मीटरवर विसंबू नका. दहातली एकच तार शिल्लक असली तरी मीटर आनंदाने कंटिन्युटी दाखवतो, कारण तो अगदी किरकोळ करंट सोडतो. सर्किट चालू ठेवून, कॉइल जोडलेली असताना, कनेक्टरच्या दोन बाजूंमध्ये व्होल्ट मोजा. तिथे शून्याच्या जवळ आकडा हवा. दोन-चार व्होल्ट दिसले तर चोर सापडला.

पेचकस कॉइलजवळ नेऊन ओढ बघायची सवय अनेकांना असते. ओढ लागली याचा अर्थ करंट आहे, एवढाच. किती आहे आणि स्पूल सरकला का, हे पेचकस सांगत नाही.

काही मशीनवर कंट्रोलरला वळसा घालून पंपाला ठरावीक करंट देणारा आपत्कालीन स्विच असतो. तो टाकल्यावर जोर परत आला तर पंप आणि व्हॉल्व्ह बहुतेक निर्दोष. एक मात्र ध्यानात ठेवा: करंट वाढला की काही मशीनमध्ये पंप जास्त तेल देतो, काहींत कमी. दुसऱ्या प्रकारात वायर तुटली तर मशीन मंदावण्याऐवजी इंजिन दबतं, कधी बंदच पडतं. मॅन्युअलमधला करंट आणि प्रेशरचा आलेख बघितल्याशिवाय निकाल देऊ नये.

गेज लावण्याआधी बकेट जमिनीवर टेकवा. इंजिन बंद केल्यावरही अॅक्युम्युलेटरमुळे (प्रेशर साठवून ठेवणारी टाकी) पायलट लाइनमध्ये प्रेशर राहतं, म्हणून चावी चालू आणि सेफ्टी लिव्हर खुला ठेवून जॉयस्टिक सगळीकडे फिरवून ते सोडा. गळती हाताने चाचपू नका. बारीक भोकातून आलेलं तेल कातडीखाली शिरतं आणि त्याला तातडीने ऑपरेशन लागतं.

दुरुस्तीनंतरची चाचणी थंड मशीनवर घेऊन उपयोग नाही. तेल आणि कॉइल दोन्ही तापेपर्यंत मशीन चालवा, मग मीटर आणि गेज परत वाचा, आणि वाचताना बूमच्या पायाजवळचा हार्नेस (वायरींचा जुडगा) हाताने हलवून बघा.