बोर्दो की ऱ्होन? आधी बाटलीचे खांदे बघा

गेल्या रविवारी आमच्या घणसोलीच्या घरी आगरी मसाल्यातलं मटण होतं, सोबत तांदळाची भाकरी. दादाने वाशीहून रेड वाइन आणली. "फ्रेंच आहे," एवढंच त्याला माहीत. रश्श्यावर पहिला घोट घेतला आणि वहिनी म्हणाल्या, "जीभ आखडली हो, आणि तिखट दुप्पट झोंबतंय." वाइन खराब नव्हती. ती बोर्दो होती, म्हणजे फ्रान्सच्या बोर्दो भागातली. या ताटाला ऱ्होन भागातली हवी होती.

गल्लत होणं साहजिक आहे. दोन्ही फ्रान्सच्या, दोन्ही लाल, दोन्हींत तीन-चार जातींच्या द्राक्षांचं मिश्रण, आणि लेबलवर बहुतेक वेळा द्राक्षाचं नाव नसतं, गावाचं असतं. दुकानात ओळखायची सोपी खूण म्हणजे बाटली. बोर्दोचे खांदे उंच आणि काटकोनी, ऱ्होनचे उतरते.

खरा फरक तुरटपणाचा. बोर्दो अटलांटिकजवळची. तिथे नदीच्या डाव्या काठच्या खडीच्या जमिनीत कॅबर्ने सोव्हिन्यों पिकतं, उजव्या काठच्या चिकणमातीत मर्लो. कॅबर्नेचं द्राक्ष लहान, साल जाड, आणि तुरटपणा असतो सालीत आणि बियांत. कच्चं केळं चावल्यावर तोंड जसं कोरडं पडतं, तसंच हे. हा तुरटपणा लाळेतल्या प्रथिनांना धरतो. समोर चरबीचं मांस असलं की त्यालाही धरतो आणि घोट मऊ लागतो. पण मिरचीने आधीच पोळलेल्या जिभेवर तो नुसता खरखरतो.

दक्षिण ऱ्होनचं मुख्य द्राक्ष ग्रेनाश. साल पातळ, साखर भरपूर, तुरटपणा बेताचा. त्याला जोड सिरा आणि मूर्वेद्रची. सिराला काळ्या मिऱ्याचा वास येतो, अगदी खरा, कारण मिऱ्यातला एक सुगंधी घटक त्या द्राक्षातही असतो. म्हणूनच भाजलेलं खोबरं, मिरी, लवंग असलेल्या वाटणाशी ही वाइन घरच्यासारखी वागते. मात्र ग्रेनाशच्या साखरेमुळे हिच्यात अल्कोहोल सहज 14 टक्क्यांवर जातं, आणि अल्कोहोलही तिखट वाढवतं. तेव्हा मिरची थोडी आवरलेलीच बरी. झणझणीत रश्श्याला माझ्या मते दोन्ही नकोत, सोलकढीच हवी.

बांगडा-सुरमईसोबतही दोन्ही टाळा. रेड वाइनमधलं लोह आणि माशाचं तेल एकत्र आलं की तोंडात धातूची चव येते.

नाशिककडच्या बाटल्यांवर 'कॅबर्ने शिराझ' दिसतं. शिराझ म्हणजेच सिरा. म्हणजे एक द्राक्ष बोर्दोचं, एक ऱ्होनचं. हे काही आपल्याकडचं खूळ नाही; एकोणिसाव्या शतकात बोर्दोचे व्यापारी आपल्या वाइनला दम यावा म्हणून उत्तर ऱ्होनमधल्या एर्मिताजची सिरा तिच्यात मिसळत. तिखटाच्या घरात ही बाटली मधला मार्ग आहे, फक्त शिराझचं प्रमाण जास्त असलेली बघा.

आणि कुठलीही असो, आधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. रेड वाइन 'खोलीच्या तापमानाला' प्यायची म्हणतात ते 16-18 अंशांना. नवी मुंबईतली खोली मे महिन्यात तिशीच्या वर असते.

दादाची बोर्दो आम्ही बूच लावून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी वहिनींनी मटणाच्या चापांना लसूण, मीठ, मिरपूड चोळली आणि तव्यावर तुपात खरपूस भाजल्या. मिरचीचा कणही नाही. त्याच बाटलीतला दुसरा पेला त्यांनी स्वतःहून मागितला.