खाद्य शिंपल्यांतील जड धातू

कालवे, तिसऱ्या, शिणाणे, खेकडे अशा कवचधारी जलचरांच्या शरीरात कॅडमियम, शिसे, पारा आणि आर्सेनिक साठण्याचा प्रकार. आर्सेनिक हा काटेकोर अर्थाने उपधातू, पण तपासणीत तो याच यादीत धरतात. हे दूषण वासाने किंवा चवीने कळत नाही, रंगावरूनही क्वचितच. १९८६ साली तैवानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील कालवे तांब्यामुळे हिरवी पडली, तो अपवाद.

शिंपले एका जागी राहून कल्ल्यांतून तासाला काही लिटरपर्यंत पाणी गाळतात. विरघळलेला धातू कल्ल्यांतून शिरतो, तर गाळाला चिकटलेला अन्नमार्गातून. आत गेलेल्या कॅडमियमला मेटॅलोथायोनीन नावाची प्रथिने धरून ठेवतात. त्यामुळे शिंपला तगतो, पण धातू शरीरातच राहतो. समुद्रात बरेचसे कॅडमियम क्लोराइडशी बांधलेले असते. गोडे पाणी मिसळून खारेपणा उतरला की कॅडमियमचे मोकळे आयन (विद्युतभार असलेले सुटे कण) वाढतात आणि शोषणही वाढते. खाडीच्या तोंडाशी वाढलेल्या शिंपल्यांत म्हणूनच जास्त कॅडमियम सापडू शकते. दोष दर वेळी कारखान्याचाच असतो असे नाही. खोल समुद्रातले पाणी जिथे वर येते तिथे कॅडमियम निसर्गतःच अधिक असते. कॅनडातील ब्रिटिश कोलंबियाच्या कालवांत ते आढळते. पाऱ्याचे मिनामाता प्रकरण (जपान, १९५६) मात्र सरळ कारखान्याच्या सांडपाण्याचे. तिथे मिथिल पारा मासे आणि शिंपले यांच्यामार्फत माणसांत पोचला.

कोणता भाग खाल्ला जातो, यावर धोक्याचे बरेच गणित ठरते. स्कॅलॉप या पंख्याच्या आकाराच्या शिंपल्याच्या पचनग्रंथीत कॅडमियम भरपूर असते, पांढऱ्या स्नायूत अगदी कमी. खेकड्याच्या पेटीतला तपकिरी मगज आणि नांग्यांतले पांढरे मांस यांतही तसाच फरक असतो. युरोपीय संघाची कॅडमियमची मर्यादा दर किलो ओल्या वजनामागे द्विपुट (दोन झडपांच्या) शिंपल्यांना १ मिलिग्रॅम आणि खेकड्यांना ०.५ मिलिग्रॅम आहे. पण खेकड्यांची मर्यादा फक्त पायांच्या व नांग्यांच्या मांसाला लागू होते. मगज खाणाऱ्याला तिचा आधार नाही. कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची) द्विपुट शिंपल्यांसाठीची २ मिलिग्रॅमची मर्यादा कालवे आणि स्कॅलॉप यांना वगळते.

युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मते शरीराच्या दर किलो वजनामागे आठवड्याला २.५ मायक्रोग्रॅमपर्यंत कॅडमियम चालते. ६० किलोच्या व्यक्तीला ते १५० मायक्रोग्रॅम होते. मर्यादेला टेकलेल्या शिंपल्यांचे १५० ग्रॅम मांस खाल्ले की आठवड्याचा वाटा संपला. इतर अन्नातले कॅडमियम वेगळेच. मूत्रपिंडात साठलेले कॅडमियम निम्मे व्हायलाच १० ते ३० वर्षे लागतात. शरीरात लोह कमी असेल तर आतड्यातून त्याचे शोषण वाढते.

चुकीचे अहवाल बहुधा नमुना घेतानाच जन्मतात. पोटातला गाळ तसाच राहिला तर शिसे फुगून दिसते, म्हणून शिंपले आधी सुमारे २४ तास स्वच्छ खाऱ्या पाण्यात ठेवतात. विकायचे शिंपले जसे खाल्ले जातात तसेच तपासायचे असतील, तर हे टाळतात. पोलादी सुरीमुळे क्रोमियम आणि निकेल वाढू शकते. अंडी सोडल्यावर मांस उतरते आणि धातू तेवढाच राहून त्याचे प्रमाण चढते. मांसात ८० टक्के पाणी असेल तर कोरड्या वजनातले ५ मिलिग्रॅम म्हणजे ओल्यातले १ मिलिग्रॅम. ओल्या-कोरड्या वजनांची गल्लत छापील अहवालांतही आढळते. नायट्रिक आम्लात मांस विरघळवून आयसीपी-एमएसवर (अणूंच्या वजनावरून मूलद्रव्ये मोजणाऱ्या यंत्रावर) मोजताना मिठातले क्लोरीन आर्गॉनशी जुळते आणि आर्सेनिकसारखे वजन दाखवते. शिवाय समुद्री प्राण्यांतले बहुतेक आर्सेनिक निरुपद्रवी आर्सेनोबीटाइनच्या रूपात असते. केवळ एकूण आर्सेनिकच्या आकड्यावर माल नाकारणे चूक. विषारी असते ते अकार्बनी आर्सेनिक, ते वेगळे मोजावे लागते.

जंतू काढण्यासाठी शिंपले एक-दोन दिवस शुद्ध पाण्याच्या टाक्यांत ठेवतात. त्याने जंतू बरेच घटतात, पण प्रथिनांना बांधलेला धातू बाहेर पडायला आठवडे, कित्येकदा महिने लागतात. 'शुद्ध केलेले' या शिक्क्यावरून धातूंबद्दल काहीच ठरत नाही. उष्णतेने धातू नष्ट होत नाही. पाणी आटल्याने दर ग्रॅममागे तो वाढतोच. अख्खा खेकडा उकळताना मगजातले काही कॅडमियम पाण्यात उतरते. ते पाणी सूप किंवा रश्श्यासाठी न वापरता ओतून टाकावे.