पुढचं नाव, मागचं किट

खानापूर तालुक्यातल्या एखाद्या कौलारू घराच्या सोप्यात किंवा निपाणीत तंबाखूच्या वखारीच्या माडीवर, चादरीखाली झाकलेला वीस-एकवीस इंची जुना रंगीत टीव्ही अजून सापडतो. झाकण काढलं की वाद ठरलेला: ओनिडा चांगला की बीपीएल, व्हिडिओकॉन की फिलिप्स, की दुबईहून आणलेला सोनी? या वादाला उत्तर नाही, कारण प्रश्नच पुढच्या पट्टीवरच्या नावाचा आहे. टीव्हीचं आयुष्य ठरतं ते मागे.

१९८२ च्या १५ ऑगस्टला आणि मग दिल्लीच्या आशियाई खेळांत दूरदर्शन रंगीत झालं. त्यानंतर देशात टीव्ही जोडणाऱ्यांची रीघ लागली. बीपीएलचं तांत्रिक नातं सान्योशी, व्हिडिओकॉनचं तोशिबाशी, ओनिडाचं जेव्हीसीशी. पिक्चर ट्यूब मात्र थोड्याच कारखान्यांत बनत. त्यामुळे दोन वेगळ्या नावांच्या टीव्हीत एकच ट्यूब निघते आणि एकाच नावाच्या दोन मॉडेलांत पार वेगळं किट, म्हणजे आतला सर्किट बोर्ड आणि त्यावरचे भाग. जुना संच पारखायचा तर तीन गोष्टी पाहाव्या: ट्यूब, लाइन आउटपुट (किरण आडवा फिरवणारा आणि ट्यूबला उच्च दाब पुरवणारा भाग) आणि पॉवर सप्लाय. चित्राचा देखणेपणा आणि संचाचा टिकाऊपणा हे दोन वेगळे गुण आहेत, आणि बऱ्याचदा ते एकमेकांच्या मुळावर उठतात.

आधी ट्यूब. साध्या रंगीत ट्यूबमध्ये पडद्यामागे भोकांचा पत्रा असतो, शॅडो मास्क. तीन किरणांपैकी प्रत्येक किरण फक्त आपल्याच रंगाच्या ठिपक्यावर पडावा म्हणून हा पत्रा बाकीचे इलेक्ट्रॉन अडवतो. सुमारे एक पंचमांशच पार होतात, उरलेल्यांची उष्णता होते. सोनीने १९६८ साली आणलेल्या ट्रिनिट्रॉनमध्ये पत्र्याऐवजी ताणलेल्या उभ्या तारांची जाळी आहे. अडथळा कमी, म्हणून चित्र उजळ. पण तारा थरथरू नयेत म्हणून त्यांच्यावर एक-दोन आडव्या बारीक तारा टेकवलेल्या असतात आणि पांढऱ्या दृश्यात त्यांची पुसट रेघ दिसते. तो दोष नाही, त्यासाठी मेकॅनिककडे धाव घेऊ नये. चित्रात ट्रिनिट्रॉन सरस, यात वाद नाही. टिकाऊपणाचं म्हणाल तर त्या ट्यूबलाही कॅथोड, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणारा भाग, आहेच, आणि ब्राइटनेस सतत शेवटाला ठेवला की कॅथोड थकतोच. दुकानात सगळ्यात झगझगीत दिसणारा टीव्ही घरी सगळ्यात आधी फिका पडतो तो यामुळे.

ट्यूब वीक झाली का ते थंड टीव्हीवरच कळतं, तासभर चाललेल्यावर नाही. चालू करून घड्याळ बघा. चित्र यायला मिनिट-दोन मिनिटं लागत असतील, पांढरा भाग चंदेरी होऊन पसरत असेल किंवा सुरुवातीला एखादा रंग गायब असून मागाहून येत असेल तर कॅथोडचं उत्सर्जन घटलं आहे. मग ब्राइटनेस कमी-जास्त करा. उजेड वाढवताच चित्र फुगत असेल तर उच्च दाब, म्हणजे ट्यूबचं व्होल्टेज, घसरतो आहे. वीस इंची रंगीत ट्यूबला सुमारे २५ किलोव्होल्ट लागतात. तो दाब कमी झाला की किरण मऊ पडतो आणि योक, म्हणजे ट्यूबच्या मानेभोवतीची किरण वळवणारी कॉइल, त्याला जास्त वळवतो.

खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या पावसात एक वेगळीच तक्रार असते: सकाळी चित्र धूसर, अर्ध्या तासाने लख्ख. लोक ट्यूबला दोष देतात. खरा दोषी बहुधा ट्यूबच्या मानेवरचा सॉकेट. त्यातल्या फोकसच्या पिनपाशी ठिणगीसाठी ठेवलेल्या फटीत ओल धरते, हिरवट गंज चढतो आणि सात-आठ किलोव्होल्टचा फोकस दाब गळू लागतो. सेट तापला की ओल उडते. सॉकेट बदलला की काम झालं, ट्यूबचा खर्च वाचला.

निपाणी, चिकोडी, अथणीकडे दुखणं निराळं. उसाच्या पट्ट्यात मोटारी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज खाली बसतं. एसएमपीएसवर (स्विचिंग पद्धतीच्या पॉवर सप्लायवर) चालणारा टीव्ही तेवढीच वॅट ओढणार, म्हणजे ८० वॅटच्या संचाला २३० व्होल्टवर साधारण ०.३५ अँपिअर, तर १४० वर ०.५७. तेवढं जास्त तापतो तो स्विचिंग ट्रान्झिस्टर. सुरुवातीच्या काही संचांना म्हणूनच स्टॅबिलायझर लागायचा. नंतरच्या काहींच्या पाठीवर ९० ते २७० व्होल्ट छापलेलं दिसतं आणि आपल्याकडे हा आकडा ट्रिनिट्रॉनपेक्षा जास्त मोलाचा. वळवाच्या दिवसांत, एप्रिल-मेमध्ये, कडकडाट सुरू झाला की प्लगबरोबर अँटेनाची किंवा केबलची वायरही काढावी. स्विच बंद करणं पुरत नाही.

पॉवर सप्लायमधला सगळ्यात दगाबाज भाग म्हणजे छोटा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, १ ते ४७ मायक्रोफॅरडचा. डिझाइन करताना तो हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या पत्र्याला) चिकटवून बसवलेला असेल तर तो आतून सुकतो. तापमान दर १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्म्यावर येतं, हा ढोबळ हिशोब. काही सर्किटांत तो सुकला की मुख्य पुरवठा ११० ते ११५ व्होल्टवर न राहता वर चढतो आणि लाइन आउटपुट ट्रान्झिस्टर जातो. नवा ट्रान्झिस्टर घातला तर आठवड्यात तोही जातो. आधी कपॅसिटर बदला, तोही ८५ ऐवजी १०५ अंश तापमान सोसणारा. मग ट्रान्झिस्टर.

तो ट्रान्झिस्टर जुन्या संचांत धातूच्या टोपीचा बीयू २०८, नंतर बीयू ५०८ किंवा तत्सम, १५०० व्होल्ट झेलणारा. त्याच्या कलेक्टरवर लागणारा काही नॅनोफॅरडचा, १६०० किंवा २००० व्होल्टचा कपॅसिटर फार महत्त्वाचा. तो आतून तुटून निकामी झाला की व्होल्टेजचा पल्स अरुंद आणि उंच होतो, उच्च दाब चढतो आणि ट्रान्झिस्टर क्षणात शॉर्ट. तिथे साधा कपॅसिटर लावणं म्हणजे दुसऱ्या दिवशी तेच काम पुन्हा करणं.

दुरुस्तीनंतर थेट चालू करू नये. डिगॉसिंग कॉइलचा (ट्यूबचं चुंबकत्व घालवणाऱ्या कॉइलचा) प्लग काढा, फ्यूजच्या जागी १०० वॅटचा सिरीज बल्ब लावा. क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटून राहिला तर शॉर्ट अजून आहे. हात घालण्याआधी मुख्य कपॅसिटरवरचे ३२५ व्होल्ट बल्बमधून रिकामे करावे. ट्यूबच्या रबरी टोपीखाली, ट्यूबच्या बाहेरच्या काळ्या आवरणावरच्या तारेला जोडलेला स्क्रूड्रायव्हर सरकवून उच्च दाबही उतरवावा. एक हात पाठीमागे. पुष्कळ संचांत पॉवर सप्लायची प्राथमिक बाजू थेट मेन्सला जोडलेली असते.

पडद्यावर एकच आडवी रेघ आली म्हणजे व्हर्टिकलचा (चित्र वर-खाली पसरवणारा) आयसी गेला असं समजू नका. त्याच्या पिनांभोवती भिंग धरा. तपकिरी फिनॉलिक बोर्डावर जड आणि तापणाऱ्या भागांच्या पायांभोवती बारीक गोल चीर पडते: ड्राय सोल्डर. जुनं सोल्डर पूर्ण ओढून काढून, पाय घासून नवं भरावं. वरून थेंब टाकला तर महिन्यात रेघ परत.

आता दोन पालींबद्दल. एक पाल ही रंगपद्धत, जर्मनीत टेलिफुंकनच्या वाल्टर ब्रुख यांनी विकसित केलेली. तिच्यात रंगसंकेताचा एक घटक ओळीआड उलटा पाठवतात, आणि संचातली काचेची डिले लाइन एक ओळ सुमारे ६४ मायक्रोसेकंद थांबवून पुढच्या ओळीत मिसळते. वाटेत संकेत बिघडला तरी चूक दोन्हीकडे विरुद्ध पडते. रंग थोडा फिका होतो, चेहरा हिरवा होत नाही. म्हणून दूरदर्शनचं कन्नड चंदना लावा की मराठी सह्याद्री, ह्यूचं (रंगछटा जुळवायचं) बटण लागत नाही. अमेरिकेतून आणलेल्या नुसत्या एनटीएससी, म्हणजे तिकडच्या रंगपद्धतीच्या, संचावर मात्र आपले रंग येतच नाहीत.

दुसरी पाल खरी. उबेला मागच्या फटीतून शिरते, प्राथमिक बाजूच्या दोन तांब्याच्या पट्ट्यांवर आडवी होते आणि फ्यूजसकट जाते. तिला काढून भागत नाही. खाली बोर्ड जळून कोळसा झालेला असतो आणि कोळसा वीज वाहतो. तेवढा भाग कापून काढून तारेने जोडणी करावी लागते.

जुना संच घेताना शेवटी ईएचटी ट्रान्सफॉर्मरवरचा (उच्च दाब तयार करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरचा) नंबर लिहून घ्या आणि बेळगावात किंवा कोल्हापुरात तो किंवा त्याचा पर्याय मिळतो का ते आधी विचारा. मिळत नसेल तर चित्र कितीही सुरेख असो, पुढच्या बिघाडापर्यंतचाच तो सोबती. आणि मागे पिवळं एव्ही सॉकेट नसेल तर सेट टॉप बॉक्ससाठी मॉड्युलेटरचे (बॉक्सचं चित्र अँटेनाच्या सॉकेटातून देणाऱ्या डबीचे) पैसे त्याच हिशोबात धरा.